न वापरलेलें सामर्थ्य

वस्तूची किंमत तिच्या उपयोगावरून ठरवावी, असा व्यवहाराचा साधा नियम आहे. नांगर जमीन नांगरतो म्हणून, विहीर पाणी देते म्हणून, छत्री पाऊस अडविते म्हणून आपण त्यांना मोल देतों. परंतु माणसाच्या संग्रहीं अशाहि कांहीं वस्तु असतात कीं, ज्या गुणासाठीं त्या विकत घेतल्या तो गुण प्रकट करण्याची संधि धन्याला वर्षांतून तासभरहि मिळत नाहीं. अतिवेगवान् मोटारगाडी ही ह्या वर्गांतील आजची ठळक वस्तु होय. आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत अशा गाड्या थोड्याच आहेत. पण आहेत, आणि त्यांच्या धन्यांचीं गाऱ्हाणीं वरचेवर आमच्या कानांवर येतात. श्रीमंतांचीं दुःखें, असें म्हणून विषय संपवितां येतो, हें खरें. तथापि ह्या गाऱ्हाण्यांच्या मुळाशीं सामर्थ्य आणि त्याचा विनियोग ह्यांविषयींचा एक नैतिक प्रश्न आहे, आणि तो केवळ मोटारवाल्यांचा नाहीं. म्हणून त्याचा थोडा शांतपणें विचार करावा, असें आम्हांस वाटतें.

प्रथम गाऱ्हाणीं काय आहेत तें पाहूं. अशा गाडीचें इंजिन २०० ते २५० अश्वशक्तीचें असतें, आणि उभ्या जागेवरून ताशीं १०० किलोमीटरांचा वेग ती सहा-सात सेकंदांत गांठते. हा वेग सांभाळतां यावा म्हणून तिचें पोट जमिनीच्या जवळ ठेवलेलें असतें, स्प्रिंगा ताठ असतात आणि टायर रुंद पण ठेंगणे असतात. टायरवर २२५/४० असा आंकडा असला तर रुंदी २२५ मिलिमीटर आणि कडेची उंची तिच्या शेंकडा ४०, म्हणजे अवघी ९० मिलिमीटर, असा त्याचा अर्थ होतो. साध्या गाडीच्या १६५/८० टायरला हीच उंची १३२ मिलिमीटर मिळते. ह्या दोन बोटांच्या फरकांत धन्याचें निम्में सुख अडकलेलें असतें. कारण खड्ड्याचा जो धक्का साधी गाडी रबरांत जिरविते, तो येथें थेट चाकाच्या धातूपर्यंत पोंचतो.

आतां आमच्या जिल्ह्याची जमीन पाहावी. पूर्णेच्या खोऱ्यांतील कपाशीची काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते, आणि तिच्यावर बांधलेला रस्ताहि तिच्याबरोबर खालींवर होतो. शिवाय गांवोगांवचे गतिरोधक आहेतच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्याप्रमाणें गतिरोधक ३.७ मीटर रुंद व मध्यें १० सेंटिमीटर उंच, असा सावकाश चढणारा असावा, म्हणजे ताशीं २५ किलोमीटरांच्या वेगानें वाहन त्यावरून सुखानें जातें. पण एखादा अपघात झाल्यावर गांवकरी रातोरात जो उंचवटा उभा करतात, तो उंचीला तितकाच किंवा अधिक आणि रुंदीला हातभर असतो. त्यावरून ही गाडी तिरपी करून, आंतील मंडळींना खालीं उतरवून, इंचाइंचानें न्यावी लागते. मागून एस.टी.चा चालक भोंगा वाजवितो, दुचाकीवरचीं मुलें कौतुकानें पाहत राहतात, आणि जिल्ह्यांतील सर्वांत वेगवान् वाहन त्या क्षणीं सर्वांत मंद ठरतें.

एवढ्यानें भागत नाहीं. अशा कांहीं इंजिनांना ९५ ऑक्टेनचें पेट्रोल हवें असतें. तें तालुक्याच्या प्रत्येक पंपावर मिळत नाहीं. अलीकडे पेट्रोलांत शेंकडा २० इथेनॉल मिसळलेलें असतें. इथेनॉलची उष्णताशक्ति पेट्रोलच्या सुमारें दोनतृतीयांश असल्यानें तेवढ्याच लिटरांत अंतर कांहींसें कमी पडतें. कित्येक गाड्यांत पांचवें चाक नसतें, केवळ छिद्र बुजविण्याची सामग्री असते. गांवचा मिस्त्री गाडीचें झांकण उघडून आदरानें पाहतो आणि आदरानेंच तें पुन्हां लावतो. मग छत्रपति संभाजीनगर किंवा नागपूर गांठावें लागतें. आमच्या परिचयाचे एक डॉक्टर गृहस्थ म्हणत असत कीं, राजूरच्या घाटांत रोज जाऊनहि आपल्या गाडीच्या सहाव्या गिअरची ओळख आपल्याला तिच्या पुस्तिकेंतूनच आहे.

मग ही गाडी घेतली कशाला? व्यवहारी माणसाचा हा प्रश्न रास्त असला तरी पुरेसा खोल नाहीं. ॲडम स्मिथ ह्या तत्त्वज्ञानें १७५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत एका शौकीन गृहस्थाचें उदाहरण घेतलें आहे. दिवसाला दोन मिनिटें मागें पडणारें घड्याळ हा गृहस्थ तुच्छ मानून दोन गिन्यांना विकतो आणि पंधरवड्यांत मिनिटाहून अधिक न चुकणारें दुसरें पन्नास गिन्यांना घेतो. पण म्हणून तो इतरांपेक्षां अधिक वेळेवर येतो, असें मात्र दिसत नाहीं. त्याला वेळेची चाड नसून वेळ दाखविणाऱ्या यंत्राच्या परिपूर्णतेची चाड असते. साध्यापेक्षां साधनाच्या नेटकेपणावर जडणारी ही प्रीति मोठी विलक्षण आहे. स्मिथ तिला हंसतो खरा. परंतु मनुष्यजातीच्या उद्योगाचें चक्र पुष्कळ अंशीं अशाच मोहानें फिरत राहतें, हेंहि तो मान्य करतो. डॉक्टरसाहेबांची प्रीति ह्याच जातीची आहे. उत्तम घडविलेल्या यंत्राविषयीं मनांत आदर उपजणें हा कांहीं दोष नव्हे.

आमच्या वऱ्हाडाला तर हा मोह मुळींच नवा नाहीं. शंकरपटासाठीं बैलजोडी राखणारा शेतकरी तिला जो खुराक घालतो, तो शेतकामाच्या हिशेबांत कधींच बसत नाहीं. शेजारी त्याला खुळा म्हणतात आणि पटाच्या दिवशीं तेच शेजारी पहाटे उठून जागा धरतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ सालच्या निर्णयानें ह्या शर्यती बंद पडल्या होत्या. पुढें राज्यानें केलेला कायदा १८ मे २०२३ रोजीं त्याच न्यायालयाच्या घटनापीठानें ग्राह्य धरला. जनावरांच्या हालांचा प्रश्न अर्थात् गंभीर आहे आणि त्याचा विचार स्वतंत्रपणें झाला पाहिजे. आमच्या विषयापुरतें येथें एवढेंच पाहावयाचें कीं, पटाला नेमलेलें मैदान असतें, नेमलेला दिवस असतो आणि आखलेली धाव असते. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं भर गर्दींतून पटाची जोडी कोणी उधळीत नाहीं. मोटारींनाहि अशीं मैदानें आहेत: चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथें, कोइम्बतूरजवळ, आणि २०११ सालापासून ग्रेटर नोएडा येथें. परंतु बुलढाण्याच्या माणसाला तीं परदेशासारखींच आहेत.

ह्यावरून पहिली गोष्ट निघते ती ही कीं, गाडीचा वेग एकट्या गाडींत नसतो. त्याचा अर्धा भाग रस्त्यांत असतो. इंजिन बाजारांत पैसे टाकून घेतां येतें, रस्ता घेतां येत नाहीं. तो सर्वांनीं मिळून बांधावा व सर्वांनीं मिळून राखावा लागतो. खाजगी वैभवाची पूर्तता सार्वजनिक वैभवावांचून होत नाहीं, हा धडा गतिरोधकावर घासणारें गाडीचें पोट धन्याला रोज शिकवितें. पण शिकणारा विरळा. ज्या खड्ड्यानें त्याचें चाक वांकलें, त्याच खड्ड्यांत कपाशीची गाडी रुतते, प्रसूतीसाठीं निघालेली बाई रुग्णवाहिकेंत कळवळते आणि शाळेचीं मुलें सायकलीवरून पडतात. नाजुक यंत्राला ती व्यथा आधीं कळली, इतकेंच. आपल्या वांकलेल्या चाकाचें गाऱ्हाणें त्यानें ह्या सर्वांच्या गाऱ्हाण्यांत मिळवून मांडलें, तर त्याच्या चिडीला नागरिकत्वाचें मोल येईल. एरव्हीं ती नुसती चीड राहते.

पण समजा, उत्तम रस्ता मिळाला, मग काय? ही केवळ कल्पना नाहीं. नागपूर आणि मुंबई ह्यांना जोडणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग आमच्या जिल्ह्यांतील मेहकर व सिंदखेड राजा ह्या तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. त्याची आखणी ताशीं १५० किलोमीटरांचा वेग धरून केलेली आहे. परंतु सपाटीवर मोटारींना परवानगी १२० चीच आहे. येथें गाडीला रस्ता सांपडतो, आणि धन्याला दुसरें गाऱ्हाणेंहि सांपडतें. पूर्वीं खड्डे आडवे येत होते, आतां कायदा आडवा येतो!

हीं दोन गाऱ्हाणीं एकाच स्वरांत मांडलीं जातात. पण त्यांची जात अगदीं निराळी आहे. खड्डा आपल्याला अडवितो तेव्हां निर्जीव वस्तु आपल्याला अडविते. वेगमर्यादा अडविते तेव्हां दुसऱ्या माणसांचा हक्क आपल्याला अडवितो. पहिला अडथळा उद्योगानें दूर करावयाचा असतो, दुसरा विवेकानें मानावयाचा असतो. ह्याच महामार्गावर १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ एक खाजगी बस दुभाजकावर आदळून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखीं पडले. तो दोष केवळ वेगाचा होता, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु गुळगुळीत रस्त्यावर एका क्षणाच्या चुकीला केवढी किंमत पडते, हें जिल्ह्यानें त्या पहाटे पाहिलें.

वेगाचा अभिमानी ह्यावर एक युक्तिवाद करतो, आणि तो आपण न्यायानें ऐकला पाहिजे. तो म्हणतो, ‘माझे ब्रेक उत्तम, टायर उत्तम, हात सरावलेला. जुनाट जीप ९० च्या वेगानें जितकी धोक्याची, त्याहून माझी गाडी १५० च्या वेगानें कमी धोक्याची आहे. मग दोघांना एकच नियम कां?’ यंत्रशास्त्रापुरतें ह्यांत तथ्य असूं शकेल. तरीहि हिशेब पुरा होत नाहीं. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. १२० वरून १५० वर जातां ती दीडपटीहून अधिक होते. त्याच बदलांत एका सेकंदाला गाडी आठ मीटरांहून अधिक अंतर जास्त कापते. मुख्य म्हणजे रस्त्यावर इतरहि आहेत, आणि त्यांचा हिशेब निराळा आहे. पुढच्या गाडीचा चालक आरशांत मागें पाहतो, येणाऱ्या वाहनाचा अंदाज बांधतो आणि मार्गिका बदलतो. हा अंदाज तो सर्वांना ठाऊक असलेल्या मर्यादेवर बांधतो. अनोळखी माणसांनीं एकमेकांना न भेटतांच दिलेलें तें वचन आहे. आपल्या हाताचें कौशल्य कितीहि मोठें असो, दुसऱ्याच्या मनांत बांधलेला अंदाज तें दुरुस्त करूं शकत नाहीं.

संयमाचा प्रश्न खरोखर येथें उपस्थित होतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर हळू जाणारा संयमी नव्हे, तो निरुपाय आहे. ज्याच्या गाडीला १२० च्या वर जातांच येत नाहीं, त्याच्या नियमपालनांतहि विशेष पुण्य नाहीं. कालिदासानें रघुवंशांत दिलीप राजाचें वर्णन करतांना शक्ति आणि क्षमा हीं एकत्र नांदत असल्याचें सांगितलें आहे. शक्तीवांचून क्षमेला अर्थ नसतो, हें त्यांतील मर्म. त्या न्यायानें मोकळ्या महामार्गावर, पायाखालीं अडीचशें घोडे असतांना, १२० वर सुई स्थिर ठेवणारा माणूस कांहीं एक खरी नैतिक कृति करीत असतो. मात्र संयमाच्या अभ्यासासाठीं मोटार घ्यावी, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. उपासाचें पुण्य वाढावें म्हणून पुढ्यांत पंचपक्वान्नांचें ताट मांडून बसण्यासारखें तें होईल. सामर्थ्य हातीं आलेंच असेल तर त्याबरोबर हें कर्तव्य येतें, एवढाच त्याचा अर्थ.

येथवर विचार आला म्हणजे आमच्यासारख्या शिक्षकाला एक गोष्ट अस्वस्थ केल्यावांचून राहत नाहीं. आम्ही तीस वर्षें महाविद्यालयांत शिकवीत आलों आहों. ह्याच जिल्ह्यांतील खामगांव, चिखली, मेहकर, मलकापूर येथील घरांतून मुलें आणि मुली येतात, बुद्धि घांसून तीक्ष्ण करतात, पदवी घेतात आणि त्या बुद्धीला पुरेल असें काम गांवांत न सांपडल्यानें कोठेंतरी पहिल्या गिअरमध्यें आयुष्य रेटीत राहतात. कित्येक सुशिक्षित मुलींची तर लग्नानंतर तेवढीहि चाल होत नाहीं. घरांतील मोटारीचा सहावा गिअर वापरला जात नाहीं, ह्याची हळहळ आपण पाहुण्यांना सांगतों. त्याच घरांतील सुनेची एम.एस्‌सी. कपाटांत पडून आहे, ह्याची हळहळ सहसा बोलून दाखवीत नाहीं.

ॲरिस्टॉटलनें म्हटलें आहे कीं, ऑलिंपियाचा मुकुट सर्वांत सुंदर किंवा सर्वांत बलवान् पुरुषाला मिळत नसून जे प्रत्यक्ष स्पर्धेंत उतरतात त्यांतील विजेत्याला मिळतो. सामर्थ्य जवळ असणें आणि सामर्थ्य वापरणें ह्यांतील हा भेद दोन्ही ठिकाणीं सारखाच लागू आहे, परंतु त्यांतून निघणारें कर्तव्य सारखें नाहीं. मोटारीचा वेग वाढतो तसा इतरांचा धोका वाढतो. म्हणून त्या सामर्थ्यानें आपल्या मैदानाची वाट पाहावी, आणि मैदान न मिळालें तर निमूटपणें थांबावें. माणसाची विद्या वाढते व वापरली जाते तेव्हां इतरांचें कांहीं जात नाहीं, उलट भर पडते. म्हणून तिला थांबावयास सांगण्याचा कोणाला अधिकार नाहीं, आणि तिच्यासाठीं रस्ता बांधणें हें समाजाचें, आणि त्याआधीं कुटुंबाचें, काम आहे. जें सामर्थ्य दुसऱ्याचें घेतल्यावांचून चालत नाहीं आणि जें चाललें असतां दुसऱ्याला देतें, ह्या दोहोंना आपण एकाच मापानें मोजतों, हाच आपल्या विचारांतील घोटाळा.

म्हणून वेगवान् गाडीच्या धन्याला आमचें सांगणें एवढेंच कीं, त्यानें गाडी खुशाल ठेवावी, पुसावी, तिच्या घडणीचें कौतुक करावें. खड्ड्यांविषयीं तक्रार सर्वांच्या वतीनें करावी आणि वेगमर्यादेविषयीं ती करूंच नये. त्या गाडीची कुचंबणा सोसण्यासारखी आहे. घरांतील एखाद्या माणसाची तशीच कुचंबणा चालली असेल, तर तिच्याकडे त्यानें आधीं पाहावें.