घोड्यावरची माशी कुणी हाकलायची?



मागच्या सत्संगानंतर निपाणीकडच्या एका साधकांनी एक प्रश्न टाकला. घोड्यावर बसून चाललोय, त्याच्या मानेला गोमाशी चिकटली, आपण चापट मारून तिला मारलं, तर ती हिंसा धरायची का? काहीजण हसले. आम्हाला मात्र हसण्यासारखं वाटलं नाही. आपण सीमाभागातली माणसं. चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून माऊलींचे अश्व आळंदीला जातात, तेही पायी, सुमारे ३०० किलोमीटर. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं, तेव्हापासूनचा हा शितोळे सरकारांचा मान. वाट पावसाच्या तोंडावरची, म्हणजे नेमकी माशांच्या दिवसांतली. तेव्हा हा प्रश्न आपल्या अंगणातलाच आहे.

आधी घोड्याकडे बघू. मोकळ्या घोड्याला माशीचं फारसं कुणाला सांगावं लागत नाही. शेपटी आहे, आयाळ आहे, पाय आपटतो, मान मागं वळवून तोंडानं हुसकावतो, अगदीच झालं तर मातीत लोळतो. नुसती कातडी थरथरवूनसुद्धा माशी उडवतो, ते आपल्याला जमत नाही. दोन घोडे शेपटीकडे तोंड करून उभे राहतात आणि एकमेकांच्या तोंडावरच्या माशा वारतात, हे तर सगळ्यांनी पाहिलंय. आता त्याला लगाम घाला, खोगीर चढवा, वर बसा. मान आपल्या हातात आली. लोळायची सोय गेली. थांबून पाय आपटला तर टाच बसते. म्हणजे आपण नुसती त्याची पाठ घेतली नाही, त्याचं हत्यारही काढून घेतलं. ज्यानं हत्यार काढून घेतलं, त्याच्याकडेच राखण आली. इथं दया वगैरे शब्द आम्हाला जरा मोठे वाटतात. हा सरळ हिशेब आहे.

आता माशीची बाजू. तिचीही आहे. चावते ती फक्त मादी, अंडी धरण्यासाठी तिला रक्त लागतं. नर बिचारा फुलांच्या रसावर जगतो. ओढ्याकाठच्या चिखलात तिचा वंश वाढतो. तिच्या लेखी घोडा म्हणजे पोरांच्या पोटाची सोय. म्हणून कुणी म्हणेल, मारू नका, नुसतं हाकला. हाकलण्यात पाप नाही.

इथंच गंमत आहे. घोड्याला ‘सर्रा’ नावाचा रोग होतो. त्याचा रक्तातला जंतू ग्रिफिथ इव्हान्स या जनावरांच्या डॉक्टरनं १८८० मध्ये डेरा इस्माइल खान भागात, घोड्या-उंटांच्या रक्तात शोधला. ताप येतो, पाय सुजतात, रक्त कमी होतं, जनावर झडत जातं, उपचार नाही मिळाला तर बहुधा मरतं. हा रोग पसरतो कसा? माशी आजारी जनावराचं रक्त पीत असते, मध्येच हुसकावली जाते, अर्धपोटी उठून शेजारच्यावर बसते आणि सोंडेवरचं ओलं रक्त तिथं पोचवते. म्हणजे आपण हात न विटाळता हाकललेली माशी दुसऱ्याच्या घोड्याचा घात करू शकते. हात स्वच्छ राहिले म्हणजे काम स्वच्छ झालं, असं नाही.

महाभारतातले मांडव्य ऋषी आठवा. लहानपणी त्यांनी किड्यांच्या शेपटीत काडी खुपसली, त्याबद्दल पुढं सुळावर चढावं लागलं. त्यांनी यमधर्मालाच जाब विचारला, शाप दिला, आणि चौदा वर्षांखालच्या पोराला पाप लागणार नाही अशी मर्यादा घातली. पण त्यांची काडी खेळातली होती, तिथं कुणाला वाचवायचं नव्हतं. आमचं मत असं, की रक्त पीत बसलेली माशी मारणाऱ्या स्वाराला मांडव्याच्या रांगेत उभं करू नये. मारण्याची मजा वाटू लागली, तर मग वेगळं बोलू.

त्यापेक्षा माशी बसूच नये, ही व्यवस्था बरी. इथं निपाणीकरांना एक सांगतो, जरा तिखट लागेल. तंबाखूचं पाणी जनावराच्या अंगाला लावायचा जुना उपाय बंद करा. ओली पानं खुडणाऱ्या बायामाणसांना मळमळ आणि चक्कर का येते? निकोटिन कातडीतून आत जातं म्हणून. घोड्याच्या खरचटल्या अंगातून तर आणखीच जाईल. राखण करताना ज्याची राखण करतो त्यालाच विष! कडुनिंबाचं तेल खोबरेलात पातळ करून लावता येतं, तेही आधी थोड्या जागेवर लावून बघावं, डोळ्यांपासून लांब. कपाळावर दोऱ्यांची झालर सोडावी, कानाला सुती टोप्या घालाव्यात. गोमाशी उन्हात जोरात असते, सावलीत कमी, म्हणून भल्या पहाटे निघावं. तेव्हा चिलटं असतात, पण मार्ग काढता येतो. रंगाचाही संबंध आहे बरं का. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की पांढऱ्या घोड्याकडे गोमाश्या कमी वळतात, कारण गडद चकचकीत अंग त्यांना पाण्यासारखं भासतं. इंग्लंडात २०१९ मध्ये झेब्र्यासारख्या पट्ट्यांची झूल घातली, तर माशा त्यावर कमी उतरल्या.

आणि चवरी? पालखीत पादुकांवर ढाळतात ती. मुळात ती माशा वारण्याचंच साधन, वनगाईच्या शेपटीच्या केसांचं. एका जनावराची शेपटी देवाच्या सेवेला लागली, आणि देवाच्या अश्वाची शेपटी आपल्याच गर्दीत अडकते. माऊलींच्या अश्वावर कुणी बसत नाही, माऊलीच बसलेले असतात ही आपली भावना. मग त्याच्या मानेवरची माशी कुणाच्या वाट्याला? लगाम धरून चालणाऱ्या मोतद्दाराला एकच मोकळा हात असतो, आणि त्यालाही आपण दर्शनासाठी ढकलत असतो.

आपल्याकडच्या यात्रांत घोडागाडीच्या शर्यती होतात, तिथलं एक आम्हाला खटकतं. घोडा मान झटकतो, पोरं म्हणतात, अडेल आहे, आणि चाबूक ओढतात. आधी कानात बघा रे, काय बसलंय ते!

अश्वांच्या वाटेवर ज्यांची गावं आहेत त्यांनी एवढं बघावं. मुक्कामाच्या जागी पाणी साचू देऊ नये, लीद आणि ओला चारा रोजच्या रोज लांब टाकावा, त्यातच तबेल्यातली चावरी माशी वाढते. दर्शनाला आलेल्यांनी अश्वाच्या मागं शेपटीपुरती जागा मोकळी सोडावी. पेढा-गूळ त्याच्या तोंडाला फासू नये, माशा त्यालाही येतात.

जय हरी.