बटवा आणि पट

सैल बसा. हात मांडीवर मोकळे ठेवा. आज मनातल्या मनात एक वस्तू घडवायची आहे. चामड्याचा असा बटवा, की ज्याची दोरी सोडली की तो सपाट पसरेल आणि त्याचा नवकंकरी या खेळाचा पट होईल. घाई नको. एक पायरी मनात पुरती उतरली की मगच पुढच्या पायरीवर या.

आधी चामडं हातात घ्या. बकऱ्याचं, हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं, सव्वा मिलिमीटर जाडीचं. वास घ्या, सालीचा, किंचित तुरट. वरच्या बाजूवर अंगठा फिरवा, मग उलटून आतून फिरवा. वर गुळगुळीत, आत रेशेदार. पोटाकडचा भाग ओढून पाहा, ताणला जातो. पाठीकडचा ओढा, फारसा हलत नाही. पटाच्या रेषा सरळ राहायच्या, तर पाठच घ्यायला हवी.

इथे थोडं थांबा. कच्चं कातडं कुजतं. हिरड्या-बाभळीतलं टॅनिन त्याच्या तंतूंना धरून बसतं, म्हणून ते टिकतं. कोल्हापुरी चपलेचं चामडंही असंच कमावलेलं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी हे काम केलं, त्यांच्या हातचं समाजानं वापरलं आणि त्यांनाच अस्पृश्य म्हणून वेशीबाहेर ठेवलं. हा विचार टाळू नका. दोन-चार श्वास त्याच्यासोबत बसा. चामडं घेताना दामात घासाघीस न करणं आणि त्याचा तुकडाही वाया न घालवणं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

आता आखणी. 30 सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा घ्या आणि त्यात मावेल तेवढं मोठं वर्तुळ आखा. वर्तुळात एकात एक तीन चौकोन: 15, 10 आणि 5 सेंटिमीटरचे. त्यांच्या बाजूंचे मध्य रेषांनी जोडा. 24 बिंदू तयार झाले. दोन खेळाडू, प्रत्येकाच्या नऊ सोंगट्या. तीन सोंगट्या एका रेषेत आल्या की समोरच्याची एक उचलायची. महाराष्ट्रातल्या लेण्यांत आणि देवळांच्या फरशांवर जुने पटखेळ कोरलेले आढळतात. दगडातला पट जागचा हलत नाही. आपला पट कमरेला लावून गावोगाव नेता येईल.

मोठ्या चौकोनाचा कोपरा आणि वर्तुळाचा काठ यांच्यामधल्या जागेकडे नीट पाहा. चारेक सेंटिमीटर, कोरी. दोरी ओढल्यावर चुण्या तिथे पडणार. पट कितीही मोठा करावासा वाटला, तरी ही पट्टी चुण्यांसाठी राखायची. बटवा आणि पट एकाच कातड्यात नांदायचे, तर दोघांनीही थोडं आवरतं घ्यायला हवं.

चामड्यावरून ओला स्पंज फिरवा आणि वाट पाहा. मूळचा रंग परतू लागला, पण गालाला लावल्यावर अजून गार लागतं, तीच योग्य वेळ. बोथट टोकाची हाडाची काडी पट्टीला लावून ओढा. कापायचं नाही, दाबायचं. दबलेले तंतू वाळताना तसेच बसतात आणि रेष कायमची राहते. एकाच दाबात खोल रेष उमटत नाही. तीच वाट पुन्हा चाला, हलक्या हातानं.

वाळलं की रापीनं वर्तुळ कापा. काठापासून दीड सेंटिमीटर आत सारख्या अंतरावर 24 भोकं पाडा. भोकं सम हवीत. मग चामड्याची वादी, म्हणजेच आपली दोरी, आत-बाहेर ओवत फेरा पूर्ण झाला की तिची दोन्ही टोकं बाहेरच्याच अंगाला निघतात. काठ किंचित ओला करून गुळगुळीत लाकडानं घासा. तो चकाकू लागेपर्यंत मनातला हात थांबवू नका.

वर्तुळ कापल्यावर चौकोनाचे चार कोपरे उरले. ते फेकायचे नाहीत. त्यांतून अठरा चकत्या काढा, पावणेदोन सेंटिमीटरच्या. रंग लावायची गरज नाही. एक खेळाडू गुळगुळीत बाजू वर ठेवील, दुसरा रेशेदार. कातड्याला मुळातच दोन बाजू आहेत, त्यांनीच दोन पक्ष केले. सोंगट्या बटव्यात, बटवा कमरेला. तळाशी चौकोनांची नक्षी, म्हणजेच उलटा धरलेला पट.

आता हात थांबवून आपण काय केलं ते पाहा. बटव्याला खेळ वरून चिकटवला नाही. तळ, दोन बाजू, उरलेले कोपरे, यांपैकी प्रत्येकाला दुसरं काम दिलं. एका वस्तूत दोन उपयोग सामावतात ते असे, भर घालून नव्हे, जे आहे ते पुरतं ओळखून.

आपल्या दिवसालाही हेच लागू पडतं. कामं उरकल्यावर वेळ राहिला तर खेळू, असं म्हणणाऱ्याला तो वेळ क्वचितच सापडतो. चुण्यांसाठी जागा राखली, तशी खेळासाठीही ती आखणीतच राखावी लागते, रापी चालवण्याआधी. उद्याच्या दिवसात ही जागा कुठे आहे, ते आत्ताच ठरवा, आणि समोर कोणाला बसवायचं तेही.