गुडघ्याची साक्ष

गुडघ्यातला तुटलेला अस्थिबंध शस्त्रक्रियेने पुन्हा बांधला, म्हणजे माणूस बरा झाला असे नव्हे. खेळाडूला मैदानावर परतायला साधारणतः ९ महिने लागतात आणि ते सारे व्यायामाचे असतात. शल्यवैद्याचे काम तास-दोन तासांचे. उरलेले रोग्याच्या निश्चयाचे. घरी केलेल्या या व्यायामाला आजवर साक्षीदार नसे. 'केला का?' असे विचारायचे आणि 'केला' हे उत्तर खरे मानायचे, एवढाच व्यवहार.

आता साक्षीदार आला आहे. मांडीवर एक व नडगीवर एक असे दोन चिमुकले संवेदक बांधतात. दोहोंच्या कलांतील फरकावरून गुडघ्याचा कोन निघतो आणि मोबाइलमार्फत तो दूरच्या फिजिओथेरपिस्टकडे पोचतो. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विमायोजनेने २०२२ साली अशा देखरेखीचे पैसे देण्यास आरंभ केला. तेव्हाची अट अशी, की ३० दिवसांत निदान १६ दिवसांची नोंद हवी.

ज्याच्या शब्दापुढे यंत्राची साक्ष काढावी लागते, त्याचा आपण अपमान करतो काय?

निव्वळ साक्ष काढल्याने अपमान होतो, असे मला वाटत नाही. वेदनेत माणसाचा अंदाज खोटे न बोलताही चुकतो. ६० अंशांत वाकलेला गुडघा त्याला ९० अंशांत वाकल्यासारखा वाटू शकतो. तेथे यंत्र त्याला खोटे पाडीत नाही, वाट किती उरली ते सांगते.

पण मी शिक्षक आहे. वही तपासली जाणार हे ठाऊक असलेले मूल पुष्कळदा वहीसाठी लिहिते. नोंदीसाठी वाकवलेला गुडघाही वाकतोच, हे खरे; पण नोंद थांबल्यावर काय? शिवाय आळसाने न वाकलेला आणि सुजेने न वाकलेला, अशा दोन्ही गुडघ्यांचा आकडा एकच येतो. उपचार करणारा तो पाहून विचारील, 'काय हो, दुखतंय का फार?' पैसे मोजणाऱ्याने तो पाहिला, तर त्याला काही विचारण्याची गरजच भासणार नाही. एकाच आकड्याची एकीकडे विचारपूस होते, दुसरीकडे आरोपपत्र. अपमान होतो तो या दुसऱ्या ठिकाणी.

म्हणून हा आकडा कोणाच्या हाती जावा, हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा गुडघा त्याचाच असला पाहिजे. आणि कुबडीला आपण जी कसोटी लावतो, तीच या पहाऱ्यालाही लावावी: एक दिवस ती कोपऱ्यात ठेवता आली पाहिजे.