माळ आणि गोळी

लासलगावच्या कांदा बाजारात जन्मभर हमाली करून वारी न चुकविलेले एक वृद्ध माळकरी आहेत. त्यांना यकृताचा कर्करोग झाला. आम्ही भेटावयास गेलो, तो उजव्या बरगडीखाली हात दाबून बसलेले. उशाशी मॉर्फिनच्या गोळ्या तशाच.

"बुवा, ही अफू. गळ्यात माळ नि अफू खाऊ? प्रारब्ध आहे, भोगीन."

अफूपासूनच मॉर्फिन काढतात, हे खरे. आम्ही क्षणभर गप्प झालो. मग विचारले, "बाबा, काल हरिपाठ झाला का?" त्यांचे डोळे भरले. "कळ उठली की नामबी आठवत न्हाई."

अहो, प्रारब्ध भोगूनच सरते हे शास्त्र खरे. पण त्याच प्रारब्धात वैद्यही आला. नशेकरिता घेतो ते व्यसन, वैद्य मोजून देतो ते औषध. १९८५च्या कायद्याने ते मिळणे अवघड झाले होते, २०१४च्या दुरुस्तीने वाट मोकळी केली. यकृत सुजले की त्याचे आवरण ताणते, कळ उजव्या खांद्यापर्यंत जाते. थकलेल्या यकृताला मात्रा किती, ते डॉक्टरच ठरवील. दुकानातली अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नये, तिने रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे बिघडतात. आणि नेमून दिलेली गोळी वेळच्या वेळी, कळेची वाट न पाहता. एकादशीलासुद्धा!

परवा गेलो, तर भिंतीला टेकून हलके टाळ वाजवीत होते. "बुवा, पोट साफ होत न्हाई."

"या गोळीने तसे होते. डॉक्टरांना सांगा, त्यालाही औषध आहे," आम्ही म्हटले, आणि पुढचा चरण धरला.