किरकोळ खर्च

न्यू जर्सीत एडिसनला मिडलसेक्स कॉलेज आहे. ती जागा पूर्वी अमेरिकी लष्कराच्या शस्त्रागाराची होती. आता तिथे इतर विषयांबरोबर हिशेबही शिकवतात. पदवी दोन वर्षांची, साधारण 60 क्रेडिट्सची. दिवसा नोकरी करून रात्री शिकणाऱ्यांची मात्र दोनाची चार वर्षं कधी होतात, ते त्यांनाही कळत नाही.

अशाच एका रात्रीच्या वर्गात सोलापूरच्या एक बाई होत्या, चाळिशी ओलांडलेल्या. वडील अडत्याकडे दिवाणजी, त्यामुळे कीर्द-खतावणी लहानपणापासून डोळ्यांखालची. डेबिट म्हणजे नावे, क्रेडिट म्हणजे जमा, एवढं बसवून घेतल्यावर त्यांना वर्गात नवं असं थोडंच उरलं. शेजारी पर्थ अँबॉयचा एक पोरगा बसे. दिवसभर गोदामात माल उचलायचा आणि संध्याकाळी पेंगत यायचा. त्याचा घोळ एकच होता: बँक पैसे ‘क्रेडिट’ करते तेव्हा ते वाढतात, मग आपल्या वहीत रोकड वाढली की ती डेबिट कशी?

“बँक तिच्या वहीतलं सांगते,” बाई म्हणाल्या. “तुझे पैसे म्हणजे तिच्या डोक्यावरचं देणं.” 

तेरीज, म्हणजे नावे-जमेच्या बेरजा, जुळेना, तर काय करायचं तेही त्यांनीच त्याला शिकवलं. फरकाला 9 ने भाग गेला तर बहुधा आकडे उलटे पडलेत. नाहीतर फरक निम्मा करून तो आकडा शोधायचा. नावेची रक्कम जमेला (किंवा उलट) गेलेली असू शकते. वडिलांची युक्ती होती ती.

सत्राच्या शेवटी एका काल्पनिक फर्निचरच्या दुकानाचं महिनाभराचं दप्तर हातानं लिहायला मिळालं. बाईंची तेरीज मध्यरात्री 180 डॉलरनं अडली. नावेची बाजू कमी. सकाळी सहाला डबे करायचे होते. शिवाय वर्गात ज्यांचं नेहमी जुळतं त्या याच, ही ख्यातीही सांभाळायची होती. (ख्याती झोपेपेक्षा वाईट.) त्यांनी ‘किरकोळ खर्च’ नावाचं खातं उघडलं, 180 नावे टाकले आणि दिवा मालवला.

पोराची तेरीज 270 नं चुकली होती. त्यानं ती तशीच दिली, सोबत एक चिठ्ठी: “फरक 270. 9 ने भाग जातो. रोकड, विक्री, भाडं तपासलं. धनको राहिले, शिफ्टची वेळ झाली.”

प्राध्यापिका आयुष्यभर ऑडिट करून निवृत्त झालेल्या. चिठ्ठी वाचून त्यांनी थेट धनकोंचं पान उघडलं. लाकूडवाल्याचं 630 चं बिल 360 म्हणून उतरलं होतं. पोराचे थोडेच गुण गेले.

मग त्यांनी बाईंची वही समोर घेतली. “नफा बरोबर आलाय, अगदी डॉलरपर्यंत. हे 180 कोणाला दिले?”

बाई गप्प.

प्राध्यापिकांनी फरक निम्मा केला आणि पान उलटलं. गिऱ्हाइकाला दिलेली 90 ची सूट नावे पडायला हवी होती, ती जमेला पडली होती. त्यामुळे निव्वळ विक्री आणि तिच्याबरोबर नफा 180 नं फुगला, आणि खोट्या खर्चानं नफा नेमका तेवढाच खाली आला. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं होतं.

“त्याची चूक मला मिनिटात सापडली,” त्या म्हणाल्या, “कारण त्यानं ती कुठे शोधायची ते लिहून दिलं होतं. तुमची मी नफा बघून सोडूनच देणार होते.”

बाईंना पोरापेक्षा कमी गुण मिळाले. बसस्टॉपवर त्यानं विचारलं, “मॅम, निम्म्याची युक्ती तुम्हीच सांगितली होती ना?”

“सांगितली होती. वापरायला वेळ लागतो, म्हणून वापरली नाही.”

पुढच्या वर्षी बाई ओक ट्री रोडवरच्या एका साड्यांच्या दुकानात हिशेब लिहू लागल्या. महिनाअखेर गल्ला आणि वही यांच्यात 63 डॉलरचा फरक निघाला. मालक गुजराती, स्वभावानं मोकळा. म्हणाला, “बेन, एवढ्याशा रकमेला काय? किरकोळमध्ये टाका ना.”

“टाकते,” बाई म्हणाल्या. “कोणाला दिले तेवढं सांगा.”

मालकानं डोकं खाजवलं आणि बिलांचा खोका पुढे सरकवला. बाईंनी पहिलं काम केलं ते 63 ला 9 ने भागायचं.