आजीचे नाव, नातीचे टोपणनाव
मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलीचे नाव उच्चारास सुलभ, अर्थाने स्पष्ट, मंगल व दीर्घस्वरान्त असावे असे सांगितले आहे. म्हणजे तेथे नाव हा बालिकेला दिलेला आशीर्वाद ठरतो. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली परिसरातील माडिया आदिवासी ज्या गोंड परंपरेतले, तिच्याविषयीच्या मानववंशशास्त्रीय नोंदींत मात्र मृत पूर्वजाचा ‘जीव’, म्हणजे प्राणतत्त्व, अपत्यरूपाने घरी परततो ही श्रद्धा आढळते, आणि त्या दृष्टीने नाव द्यायचे नसून ओळखायचे असते. ही दृष्टी अधिक सखोल वाटते, कारण ती मृत्यूलाही नात्यात सामावून घेते. परंतु आजीचे नाव धारण केलेल्या नातीला रागावणार कसे? असा पेच मराठी घरांतही येई: अनेक घरांत सून सासूचे नाव उच्चारत नसे, म्हणून अशा नातीला टोपणनावाने हाक मारली जाई. त्यामुळे पूर्वजेचा मानही राही आणि मुलीला स्वतःचे बालपणही लाभे.