थळ घाटातलं बीजगणित

कसाऱ्याला गाडीच्या मागे ढकलणारी बँकर इंजिनं लागतात आणि इगतपुरीला सुटतात. मधल्या थळ घाटाचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे सरकलं की १ मीटर वर. फलांचा गुणाकार आणि फलांचं संयोजन यांत गोंधळणाऱ्या मुलांना फळ्याऐवजी या घाटापाशी न्यावं, असं मला फार वाटतं. दोन अक्षरं शेजारी दिसली की गुणायचं, ही सवय अंगात इतकी मुरलेली असते की नुसती उदाहरणं सोडवून ती जात नाही.

गुणाकार सोपा आहे. घाटातल्या कुठल्याही जागी इंजिनांचा जोर गुणिले गाडीचा वेग म्हणजे तिथे लागणारी शक्ती. हजार टनांची गाडी धरली तर निव्वळ चढासाठी सुमारे २६५ किलोन्यूटन जोर हवा. ताशी ३६ किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला १० मीटरनं ती चढवायची तर २,६५० किलोवॅट. जोर आणि वेग दोन्ही त्याच एका जागेचे. आधी कोण, नंतर कोण, हा प्रश्नच येत नाही.

संयोजनात, म्हणजे एका फलाचं उत्तर दुसऱ्यात घालताना, तोच मुख्य प्रश्न. कसाऱ्यापासूनच्या अंतरावरून उंची मिळते, उंचीवरून गारवा. हवा सरासरीनं दर किलोमीटर उंचीला साडेसहा अंशांनी थंड होते. किलोमीटरभर रूळ मागे पडला की २७ मीटर चढ, आणि पारा जेमतेम ०.१८ अंशानं खाली. आता क्रम उलटा करा: अंतराच्या जागी अंश सेल्सिअस घालणार? कागदावर एककं नसतात, म्हणून क्ष+३ आणि २क्ष बिनदिक्कत एकमेकांत घालता येतात. एका क्रमानं २क्ष+३ येतं, दुसऱ्यानं २क्ष+६. गुणाकार केला तर २क्ष²+६क्ष, आणि तो कसाही करा, तोच.

पण क्रमापेक्षा मला दुसरीच गोष्ट अडवून धरते. बाहेरच्या फलाला मूळ क्ष दिसतच नाही. आतल्यानं हातावर ठेवलं तेवढंच त्याचं जग. गारव्याचं फल फक्त उंची विचारतं. नाशिकही जवळपास इगतपुरीइतक्याच उंचीवर, त्यामुळे दोन्ही गावांना ते एकच उत्तर देणार. पण इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, नाशकात सातशेच्या आसपास; जुलैत इगतपुरीच्या फलाटावर ओल अंगात शिरते, नाशिकरोडला छत्री मिटवून चालता येतं. हा फरक अंतरात दडलेला होता, उंची काढताना तो गळून गेला. आता बाहेरचं सूत्र कितीही बारीक घासलं तरी पाऊस काही परत येत नाही. तो हवा असेल तर आतलं फलच बदलायला हवं: उंचीच्या जोडीनं सह्याद्रीच्या कड्यापासूनचं अंतरही त्यानं पुढे धाडायला हवं.